मेढीवरचे आठ ठिपके

आमच्या घरात मधोमध सागाची मेढी आहे, छप्पर तोलणारा खांब. तिच्यावर माझ्या बायकोनं अख्खं एक वरीस लिहून ठेवलंय. बायकोला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलो, तेवढ्यावरच हे लिहितोय.

नात आमच्याकडेच असते, तिचे आईबाप वीटभट्टीवर जातात. पोरीला रोज दिवेलागणीला ताप चढायचा, अंगावर लाल चट्टे उठायचे, सकाळी सगळं गायब. मग गुडघे सुजले. गावात कोण बाहेरचं म्हणालं, कोण वात. शहापूरच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा एक डॉक्टरीणबाई यायच्या. लहान पोरांच्या असल्याच दुखण्यांचा त्या अभ्यास करतात. म्हणाल्या, "आजोबा, रोगाला हाकलणारी राखण असते ना अंगात, तीच पोरीवर उलटलीय." मला कळलं. शेतातल्या माळ्यावरच्या राखण्यानं पाखरं सोडून घरच्यांवरच गोफण चालवावी, तसं.

बाईंनी ताप टिपायला कागद दिला. बायको म्हणाली, "कागदाचं मला काय कळतंय? माझ्या रीतीनं करू का?" तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन ती मेढीवर ठिपका लावायची. ताप आला की चुन्याचा, सकाळची गोळी दिली की कुंकवाचा. एकदा बाई घरी आल्या, मेढी बघून जमिनीवरच बसल्या. "आजी, शिकलेली माणसंसुद्धा एक दिवस न चुकवता टिपून देत नाहीत हो." फोटो काढून नेले. त्या दिवशी बायको भाकऱ्या थापताना गुणगुणत होती.

गोळ्यांनी ताप गेला, पण पोरीचं तोंड फुगलं. शाळेत पोरं "भोपळा, भोपळा" करायची. शेजारी मला म्हणायचा, "काय रे, नातीला पेंड चारतोस काय?" मी हसायचो. पोर गोधडीत तोंड घालून रडायची.

मग बायको आठ दिवस मुरबाडला बहिणीकडे लग्नाला गेली. जाताना दहा वेळा बजावलं, "गोळी चुकवायची नाय हां. तुमी म्हणजे विसरभोळे!" पहिल्याच सकाळी पोरीनं माझे पाय धरले. "आज्या, नको ना रे. तोंड बघ माझं." मी नाय दिली. गोळी एकदम बंद करायची नाय, हे बाईंनी माझ्यासमोरच सांगितलेलं. पण वाटलं, ताप तर गेलाय, आता कशाला? आठ दिवस नाय दिली. कुंकवाचा ठिपका मात्र रोज लावला.

बायको परतली त्याच संध्याकाळी पोर तापानं फणफणली. गुडघ्याला हात लावू देईना. नशिबानं दुसऱ्याच दिवशी बाई यायच्या होत्या. दवाखान्यात त्यांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. आठ जास्त.

"आजी, मेढीवर ठिपके?"

"सगळे आहेत."

"मग हे कसं?"

मी खाली बघत राहिलो. बायको म्हणाली, "माझं चुकलं बाई. जाताना मीच ठिपके आधी लावून ठेवले, आणि यांना गोळीचं सांगायचं राहिलं."

"तुमच्यावर माझा भरवसा होता," एवढंच बाई बोलल्या. पुन्हा कधी त्यांनी मेढीचं विचारलं नाय.

घरी येताना मी विचारलं, "कशाला गो खोटं बोललीस?"

"उद्या मी नसले तर पोरीला गोळी कोण देणार? तुमच्या हातात देतील का मग? गप चला."

ती ठिपके लावतच राहिली. कोणी बघायला नसताना. यंदा भाद्रपदात छातीत दुखतंय म्हणाली आणि गेली. पोर वाचली, पण डावा गुडघा पुरता वाकत नाय. आजीच्या मयताला सगळी बसलेली, ही एकटी उभी.

मागल्या महिन्यात बाई भेटायला आल्या. मी त्यांना मेढीशी नेलं. "हे आठ बघा. तिचं बोट केवढं, आणि हे केवढे. माझा अंगठा आहे हा. गोळी मी दिली नव्हती."

बाईंनी एका ठिपक्यावर आपलं बोट टेकवून बघितलं. मग पिशवीतून पोरीचे जुने कागद काढले. एका ठिकाणी 'आजीकडून चूक' असं लिहिलेलं. त्यावर रेघ मारली. "काय लिहू, आजोबा?"

"लिहा, आजोबाकडून."

त्यांनी लिहिलं. मी दोनदा वाचलं. मग मेढीला हात लावून मोठ्यानं वाचलं. तिला वाचता येत नव्हतं ना.