मानेसाठी तीन हँडलं

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल. माझ्या मानेनं माझी जी शोभा केली, ती ऐकून तळेगावातल्या भल्या भल्या गंभीर माणसांना ठसका लागलाय!

मागच्या वर्षी सुनीता, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, विशेष काही नाही, पण व्यायाम हवा. म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोन सायकली घेतल्या. तिची साधी. माझी मात्र रेसची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल! रस्त्यावर मी पुढे, ती मागे.

आठवड्यात माझी मान आखडली.

"हँडल खाली आहे ना, त्यानं," मीच निदान केलं. सरळ हँडल बसवलं. मान दुखतेच! शेवटी दूधवाल्यांच्या सायकलीला असतं तसलं, छातीकडे वळलेलं उंच हँडल आणलं. आता मी राजासारखा ताठ. समोरून वारा आला की सायकल जागच्या जागी. आणि मान? ठणकतेच आहे!

सोसायटीत मी हँडलांवर व्याख्यानं द्यायला लागलो. कुणी विचारलं होतं? छे!

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं भाज्याची लेणी बघायला निघालो. वाटेत कान्हे गावाजवळ मान इतकी भरून आली, की रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्या एका आबांपाशी थांबलो.

"आबा, हँडल अजून वर घ्या."

त्यांनी हँडलाकडे बघितलंसुद्धा नाही. "मान कुटल्या अंगानं दुखती?"

"उजव्या."

"आन हँडल? ते तर दोनी अंगाला सारकंच हाय की!"

मी हँडलाची दोन्ही टोकं चाचपून बघितली.

"पार त्या टोकापास्नं बगतोय तुमाला. दर लाईटीच्या खांबाला उजव्या अंगानं मागं वळून बगताय. हँडल काय करनार?"

खरंच होतं ते. हिला परत चक्कर आली तर? फरशीवरचा तिचा तो पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिला हे एकदाही बोललो नाही. हँडलं बदलत बसलो.

तेवढ्यात ती येऊन पोचली. आबा म्हणाले, "ताई, तुमी पुडं व्हा. ह्यांची मान मोकळी हू द्या."

"जाऊ का हो?"

"जा," मी मोठ्या मनानं म्हणालो. "दमलीस की थांब. मी आहेच मागे."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत दिसली. मग दिसेचना! मी जीव खाऊन पायडल मारतोय. कामशेत गेलं, तरी पत्ता नाही. फोन उचलत नाही. कार्ला फाट्यावर पोचलो, तर बाईसाहेब टपरीवर बसलेल्या. दुसरा चहा चाललेला!

"अगं, एवढी जोरात चालवतेस? मग इतके दिवस मागे का रखडत होतीस?"

तिनं ग्लास बाकावर ठेवला. "तुम्ही सारखे मागे बघायचात. मला वाटलं, तुम्हाला धाप लागते, पण सांगायची लाज वाटते. मी पुढे गेले आणि तुम्ही मागे कुठे पडलात, तर कळायचंसुद्धा नाही."

मी तिच्याशेजारी बसलो. तिच्या ग्लासातला उरलेला चहा मीच संपवला.

आता तीच पुढे असते. मान साफ मोकळी झालीय. तिला गाठता गाठता गुडघे मात्र कुरकुरायला लागलेत.

सीट बदलून बघावी म्हणतोय!