मधला रेणू

आमच्या मिठबावच्या घरात बाबांचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. आई होती तोवर ती मधे पडायची आणि बराचसा मार तिच्यावरच भागायचा. आई गेली नि बाबा आणि माझा धाकटा भाऊ समोरासमोर आले. त्या मे महिन्यात मी मुंबईहून घरी आले ती जीव मुठीत धरूनच.

मी तेव्हा रसायनशास्त्रात संशोधन करत होते, तेही कॉम्प्युटरवर. ऋणभाराचा आयन कार्बनच्या पाठीमागून घुसतो आणि कार्बनच्या पुढच्या बाजूला जोडलेल्या अणूला हाकलून लावतो. ही झटापट मी आकड्यांत मांडायची. पाण्यात हा आयन निमूट असतो, पाण्याचे रेणू त्याला घेरून धरतात. वायुरूपात त्याला धरणारं कोणी नसतं, तो सरळ तुटून पडतो. त्या काळी कॉम्प्युटरला हे सगळं गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर द्यावं लागे. तो गठ्ठा मी तपासायला घरी आणला होता.

भाऊ आंब्याच्या पेट्या भरत होता. आंब्यांखाली घालायचं गवत संपलं, तेव्हा त्याने थरांमध्ये माझी कार्डं घातली. भोकं आहेत, आंब्याला वारा लागेल, असा त्याचा विचार. मला कळेपर्यंत ट्रक गेला होता. मी रडले, आणि नेमकं ते बाबांनी ऐकलं.

भावाने काय केलं ते कळताच त्यांनी कोयता उचलला. भावाने पेटीची फळी उचलली. आज एकजण मरणार हे मला स्वच्छ दिसलं आणि मी मधे शिरले. कोयता दंडात बसला, फळी पाठीत. रक्त उरलेल्या आंब्यांवर सांडलं.

बाबांनी कोयता टाकून दिला. पंचा फाडून ते माझा दंड बांधू लागले.

"तू मधी कित्याक इलंस?"

"आई नाय आता. मधी कोणीतरी होया."

ते रडू लागले. मला दया आली नाही, रागच आला. दोघांचा, आणि जन्मभर हेच करत राहिलेल्या आईचाही.

मुंबईला येऊन मी कार्डं नव्याने पाडली. मग आयनाला पाण्याचा एकच रेणू चिकटवून पाहिला. तेवढ्यानेही, हल्ल्यासाठी आयनाला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा बराच वर चढला, हल्ला मंदावला. आमचे सर खूश झाले. त्या मधल्या रेणूचं पुढे काय होतं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ते आपण मोजत नाही.