पेट्रोलचा डबा धरणारा

दुपारी लेकीचं लग्न होतं आणि आजोबांच्या जुन्या गाडीतूनच सासरी जायचा तिचा हट्ट होता. म्हणून ती गाडी घेऊन मी सोनाळ्याहून जळगाव जामोदला निघालो. वाटेत मेथीचं गाठोडं घेतलेल्या एका म्हाताऱ्याला बसवून घेतलं, आणि थोड्याच वेळात गाडी बंद पडली.

सोबत ठेवलेल्या डब्यातलं थोडं पेट्रोल टाकीत ओतून पाहिलं, पण गाडी चालू होईना. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप उघडला, तर आतला रबरी पडदा फाटलेला. म्हातारा माझ्या डोक्याशी उभा राहून बोलतच होता.

"पेट्रोलचा काटा तं अर्ध्यावर हाय ना!"

"बाबा, तो काटा खोटा आहे," मी ओरडलो.

"मंग ठेवला काऊन?"

तेवढ्यात एसटी आली. मी त्याला तिच्याकडे जवळजवळ ढकललंच. तो हलला नाही.

"तुमच्यासंग बसलो, उतरीन बी तुमच्यासंगच."

शेवटी पंप वगळून डब्यातून नळी थेट कार्बोरेटरला जोडली. पेट्रोल आपोआप खाली उतरावं म्हणून डबा उंच धरायला माणूस हवा होता. म्हातारा न सांगता पुढे बसला आणि खिडकीबाहेर दोन्ही हातांनी डबा धरून, "हळू चालवा, हळू" असं रस्ताभर खेकसत राहिला.

मांडवापाशी उतरला तेव्हा मेथीनं मान टाकली होती. लेक धावत आली. आपल्याकडचाच कोणी वडीलधारा समजून ती त्याच्या पाया पडली. त्यानं पेट्रोलचा वास येणारे हात तिच्या डोक्यावर ठेवले.

मी त्याचं गाठोडं उचललं आणि त्याला मांडवात घेऊन गेलो.