गारगोटीखालची खरपुडी

शहरातल्या माणसांची रंगुबाईला शिसारी बसली, ती काही एका दिवसात नाही. पहिल्या वर्षी तिला त्यांची गंमतच वाटली होती.

यवतच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची धनगरांची दहा-बारा घरांची वस्ती. मेंढरं कधीच विकून झालेली. आता बाजरी आणि कांदा. रंगुबाईचा मल्हार कंपनीत टेंपररी होता. त्याच्या मोठ्या साहेबांच्या मॅडमना रानफुलांचं वेड. २००१ च्या भादव्यात त्या मिनीबस भरून माणसं घेऊन आल्या. 'आमच्या आयला समदी झाडं ठावं हायेत,' असं मल्हारनंच त्यांना सांगून ठेवलेलं. म्हणून रंगुबाई पुढं आणि पंचवीस टोप्या मागं, अशी वरात डोंगराला लागली.

तिनं कळलावी दाखवायची, त्यांनी 'अय्या' करायचं. त्यांच्या अंगाला चोपडलेल्या मलमांचा वास असा, की गवताचा वास येईना. बिरदेवाच्या देवळामागं दोघं-तिघं उभी राहून मोकळी झाली. तिनं हाक मारली तर म्हणतात, "आजी, निसर्गच आहे ना!" दुपारी सुनेनं, सुषमानं, चुलीपुढं बसून सगळ्यांच्या भाकरी थापल्या. निम्म्या ताटात तशाच राहिल्या. एका जाड्या गृहस्थानं तर उरलेल्या भाकरीला पिठल्याची बोटं पुसली आणि ती ताटात टाकून दिली. सुषमानं ते ताट उचलून रंगुबाईपुढं आदळलं.

"आत्या, म्या पुढच्या साली न्हाई करायची ह्यांचं."

"गप. मल्हारचं पर्मनंटचं काम व्हायचंय."

दोन भादवे असेच गेले. तिसऱ्या वर्षी मॅडम चालता चालता रंगुबाईशेजारी धोंड्यावर टेकल्या. लहानपणी कुठं मेंढरं न्यायचा, काय खायचा, असं मायेनं विचारू लागल्या. असं कुणी तिला विचारलंच नव्हतं. रंगुबाई पघळली. ती त्यांना मधल्या घळीत घेऊन गेली आणि झुडपावर चढलेला एक बारीक वेल दाखवला. त्याला कंदिलासारखी जांभळट फुलं.

"ही खरपुडी. माशी आत शिरली की एक दिस कोंडून घालती, आन् मग सोडती. हिचा कांदा ग्वाड. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूनं हेच खाऊ घालून पोरं जगवली."

"आणि ह्या पांढऱ्या गारगोट्या कशाला ठेवल्यात, आजी?"

"ती आमची रीत हाय. शेंगा उकलून बियांच्या म्हाताऱ्या उडाल्या की मगच कांदा काढायचा. एक तुकडा परत मातीत लावायचा, वर गारगोटी ठेवायची. गारगोटी दिसली की तीन वर्सं कुणी हात लावत न्हाई. वस्तीतलं बारकं पोरगंबी लावत न्हाई."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात रंगुबाई तळेगाव ढमढेऱ्याला लेकीकडं दोन दिवस राहून आली. खुरपं घ्यायला खाटेखाली हात घातला, तर खुरप्याला ओली तांबडी माती. शेतातली माती काळी, तांबडी फक्त घळीत. ती चहा न घेताच घळीत गेली.

गारगोट्या बाजूला फेकलेल्या आणि प्रत्येकीच्या जागी खड्डा. वस्तीतल्या माणसाला जो दगड 'नको' म्हणायचा, त्यानंच ह्यांना 'इथं खणा' म्हणून दाखवलं होतं. ज्या वेलांच्या बुडाशी गारगोटी नव्हती, तेही ओढून बघितलेले. शेंगा अजून हिरव्या. बी पडलेलंच नव्हतं.

संध्याकाळी मल्हार आला. ती भाकरी वाढत म्हणाली, "खुरपं कुणी दिलं?"

"आये, मॅडम चारच कांदे नेते म्हणल्या व्हत्या. माणसं लई निघाली, मला आवरंना."

"तू तितं हुबा व्हतास?"

"माझं पर्मनंटचं चाललंय. साहेबांच्या बायकूला न्हाई कसं म्हणू?"

रंगुबाईनं वाढलेली भाकरी काढून घेतली नाही, पण त्याच्याकडं पाठ करून जेवली.

कोजागिरीच्या सुमारास मॅडमनी तिचा सत्कार ठेवला. पुण्यात, त्यांच्या घरी. नको म्हणून ती अडून बसली, मल्हारनं हातापाया पडून नेलं. शाल आली, नारळ आला. कुणीतरी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. कौतुकाची भाषणं झाली. मग मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्या खरपुड्या बघा ना जरा. रोज दोनदा पाणी घालते, तरी माना टाकल्यात."

गॅलरीत ओळीनं कुंड्या. वेल दोऱ्यासारखे वाळलेले, माती चिखल झालेली. रंगुबाईनं एका कुंडीत बोट घातलं. बोट सरळ कांद्यात गेलं. पू निघावा तसा कांदा फुटला आणि घाण वास सुटला. मागं बायका पेढे खात होत्या.

तिनं पहिली कुंडी फरशीवर उलटी केली.

"अहो आजी! मार्बल आहे!"

दुसरी. तिसरी. मल्हार "आये, आये" करत दंड धरू लागला, तिनं हिसडा दिला. सगळ्या कुंड्या पालथ्या झाल्यावर ती उकिडवी बसली आणि तो चिखल चिवडला. तीन कांदे टणक निघाले. तिनं ते पदराला पुसले, पदरातच गाठ मारली. शाल कठड्यावर टाकली.

"माती वाईस झाडून घ्या," ती मॅडमना म्हणाली, "तुमचीच हाय आता."

एस्टीत मल्हार हडपसरपर्यंत तिकिटं चुरगाळत बसला. मग कुरकुरला, "झालं माझं पर्मनंट. तीन कांद्यापायी." तिनं हात हुंगून पाहिले. हाताला अजून सडका वास होता, दोनदा धुवूनही.

यवतला उतरल्यावर त्याचा आवाज जरा नरमला.

"आये, कुठं लावणार ह्ये? घळीतच का?"

तिनं पदराची गाठ कमरेला आत खोचली.

"तुला न्हाई सांगायची," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढं होऊन चालू लागली.