वर्ण उजळ, तोंड पूर्वेला

सन २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीतच सुटली, बाकीचा जन्म इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या कारखान्यात लेथवर गेला. तरी तिसऱ्या मजल्यावरचं घर मी स्वतःच्या कमाईनं घेतलं. लिफ्ट नाही. त्या जिन्यानं बायकोचे गुडघे खाल्ले. उन्हाळ्यापासून ती खाली उतरली नव्हती. भाजीवाल्याला दोरीनं पिशवी सोडायची आणि वरूनच भांडायची. जवळच तळमजल्याचं एक घर मिळत होतं. मालक म्हणाला, पोंगलपर्यंत थांबतो, पुढे नाही.

म्हणजे आमचं त्याआधी विकायला हवं. दलाल मला चालत नाही. ज्यानं माझ्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही, त्याला वाटा कशाला? जाहिरात मीच लिहिली. जन्मात एकच जाहिरात दिली होती, मुलीच्या लग्नाची, आणि ती फळली होती. तोच कित्ता गिरवून तमिळ पेपरात दिली:

"राहतं घर देणे आहे. वय सव्वीस, वर्ण उजळ, तोंड पूर्वेला. निरोगी, घरंदाज, शांत. अपेक्षा: कायम नोकरी, निर्व्यसनी कुटुंब. दलालांनी त्रास देऊ नये."

मुलीनं वाचून कपाळाला हात लावला. "अप्पा, किंमत कुठंय? लिफ्ट नाही, हे कुठंय?"

"तुझ्या जाहिरातीत तू घोरतेस, असं लिहिलं होतं का?"

जावई हसला. मुलगी नाही.

लोक आले. धापा टाकत आले. इकडे मुलगी बघायला आलेल्यांना सोज्जी-बज्जी देतात, म्हणजे गोड शिरा आणि भजी. मीही तेच करायला लावलं. बायको स्टुलावर बसून तळायची. पाहुण्यांना मी आधी बसवून घ्यायचो. नोकरी कुठं? तंबाखू खाता? वडील काय करायचे? एकानं विचारलं, "सार, घर आम्ही बघायचं, की तुम्ही आम्हाला?" त्याला मी नापास केला. बाकीच्यांनी भजी खाल्ली, जिन्याकडे एकदा पाहिलं, आणि "घरी विचारून कळवतो" म्हणून गेले. कुणी कळवलं नाही. माझ्या जाहिरातीत खोट नव्हती. येणारेच धड नव्हते.

पोंगल तोंडावर आला, तेव्हा बायकोनं झारा खाली ठेवला. "भजी बंद. अहो, गुडघे माझे, तर जाहिरात मी सांगते."

"बायकोचे गुडघे चारचौघांत मांडू? लोक म्हणतील, तिसरा मजला घेताना अक्कल कुठं होती ह्याची?"

"ते मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय. ऐकलंत का कधी?"

"वारा येतो म्हणून घेतला!"

"मग तो वारा तरी लिहिलात का?"

ह्याला उत्तर होतं माझ्याकडे. पण ती म्हणाली, "मला एकदा रस्त्यावरून चालायचंय हो," आणि डोळ्याला पदर लावला. मग मी मुलीला बोलावून घेतलं.

बायकोनं सांगितलं, मुलीनं फोनवर टाकलं: "तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे गुडघे गेले म्हणून आम्ही विकतो. संध्याकाळी समुद्राकडचा वारा येतो, पंखा लागत नाही. पुराचं पाणी घरात कधी शिरलं नाही. दुसऱ्यांच्या घरात शिरताना गॅलरीतून पाहिलं." खाली किंमत.

ह्या खेपेला जिना चढू शकणारेच आले. एक तरुण जोडपं तर पळतच वर आलं. त्यातली मुलगी बायकोला म्हणाली, "आंटी, आमचे जिमचे पैसे वाचतील!" मी विचारायला तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, "तुम्ही जरा पाणी आणा." पाणी घेऊन आलो तोवर दोघी गॅलरीत वारा खात होत्या, आणि तिचा नवरा हातात टोकनच्या पैशांचं पाकीट घेऊन उभा होता. त्याचे वडील काय करायचे, ते मला अजून ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी एकेक प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, आणि तिला बसवत-बसवत खाली उतरवून तळमजल्याचं घर दाखवायला घेऊन गेलो.