दोन सूत जास्त

दुपारचे तीन. आई आत झोपली आहे आणि मी कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटशेजारी जमिनीवरच आडवी होते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. डोळ्यांसमोर चार हार्ड डिस्क, बोलणं टाकलेल्या जावांसारख्या. पाचवी गेल्या महिन्यात तापून मेली, माझ्या वडिलांचे, तात्यांचे, दोन व्हिडिओ घेऊन गेली. बाकीचे या चौघींत आहेत. आई रोज चारच्या चहाला टीव्हीवर तात्यांना बघते. ती माणसं विसरत चालली आहे, पण तात्यांना ओळखते. म्हणून सगळं एका जागी, दोन-दोन प्रतींनी ठेवायचं आहे.

कॅबिनेटमध्ये डिस्क बसवायला पत्र्याची चौकट हवी. त्याजोगता पत्रा घरात एकच, पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या तात्यांनी शेवटच्या पेटीसाठी कापून ठेवलेलं झाकण. पेटी झालीच नाही. आठ दिवस झाले, त्याला कात्री लावायचा मला धीर होत नाही.

"झोपलीस व्हय, वैजू?"

तात्या खुर्चीत बसलेत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडातून निघतं, "चहा टाकू?"

"नगो. पुठ्ठा दाव."

पत्र्याआधी पुठ्ठा कापायचा ही त्यांचीच शिस्त. मी साचा पुढे करते, तर आम्ही त्यांच्या मिरजेच्या दुकानात उभे असतो. पत्र्याच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या, प्रत्येकीवर हिरवा दिवा लुकलुकतोय. मला त्याचं काही वाटत नाही.

"घडीचं माप कुठं हाय?"

"कसली घडी?"

"पत्रा वळताना माप खातोय. दोन सूत, पाव इंच, जास्त धर. न्हाईतर बसतील व्हय तुझ्या डिस्का?"

मी कॉम्प्युटरवर मिलिमीटरपर्यंत चित्र काढलं आणि घडीच विसरले! पेटीवाल्याची लेक म्हणवते. तात्या पोट धरून हसतात, मीही हसते.

"पण झाकण तुमच्या हातचं शेवटचं आहे, तात्या."

एसटी चालू आहे. मी सतरा वर्षांची, हॉस्टेलला निघालेली. माझी पेटी त्यांच्या मांडीवर. गाडीत आम्ही दोघंच, आणि खिडक्यांतून पंख्यासारखा एकसारखा वारा.

"झाकण कशासाठी कापलं हुतं? पेटीसाठी. मग ही डिस्कांची बी पेटीच हाय की."

"पोरीच्या हातात कात्री कशाला, म्हणून सगळे हसायचे. तुम्ही ऐकलं नाहीत. मी तुम्हाला हे कधी बोलले नाही, तात्या, पण माझ्या हाताला जे काही येतं ते तुमच्यामुळे."

ते खिडकीबाहेर बघतात. लाजले की असंच करायचे.

"हवेला वाट ठेव," ते म्हणतात. "आन् कडंला कानस मार. तुझ्या आईचा हात लागंल."

"वैजू, चार वाजले. त्यांना लाव की."

आई मला हलवते आहे. मी उठून बसते. ती माझ्याकडे टक लावून बघते, हात पुढे करते आणि माझ्या कानावरून पेन्सिल काढते. कानावर पेन्सिल तात्या ठेवायचे. मी कधी ठेवत नाही, चष्म्याच्या काडीला अडते.

"दुकानात न्यायची राहिली बघ यांची," ती म्हणते आणि पदराने पुसून माझ्या हातात देते.

मी तिच्यासाठी टीव्ही लावते. मग झाकण पुढ्यात ओढते, त्यावर पुठ्ठा ठेवते आणि कडेपासून दोन सूत बाहेर रेघ मारते.