त्या फोटोतली छाती माझी होती

थोरल्या भावाच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला होता, तरी तो क्षयाने गेला, असे आमच्या घरात पन्नास वर्षे सांगतात. त्याचा मुलगा आता साठीला टेकला आहे. जिना चढताना त्याला धाप लागते, पण तपासायला जात नाही. वर मलाच विचारतो, "काका, माझ्या बापालाबी क्लीनच म्हणाले होते की. काय उपयोग झाला?"

हे ऐकले की माझे डोके फिरते. यंत्र खोटे बोलले नव्हते.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघे भाऊ सोलापुरातल्या एका गिरणीत होतो. तो कापूस पिंजण्याच्या खात्यात, मी मागावर. वर्षातून एकदा छातीच्या फोटोची, म्हणजे एक्स-रेची गाडी फाटकाशी येई. ज्याच्या छातीत डाग निघे त्याला गिरणी औषधाला नाही, कायमचे घरी पाठवी. आजार शोधायला गाडी आणायची आणि सापडला की माणूसच काढायचा, याला तपासणी कोण म्हणेल? मग जो तो खोकला दाबी.

दादा तर महिनाभर खोकत होता. म्हणाला, "माजा नंबराचा बिल्ला घे आन् तूच हुबा ऱ्हा."

"वळखलं तर?"

"तितं तोंड कोण बगतंय? बरगड्या बगत्यात. तुज्या तर लई भारी हायती."

मी हसलो आणि रांगेत दोनदा उभा राहिलो. एकदा माझ्या नंबरावर, एकदा त्याच्या.

चिठ्ठी आली, छाती निर्दोष. पुढे त्याला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, तेव्हा वहिनी त्याला आणि ती चिठ्ठी घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ती वाचून खोकल्याची बाटली दिली. "भावजी, कागदात तर कायबी न्हाय," ती मला म्हणाली. तेव्हा बोललो असतो तर क्षयाच्या सुया सुरू झाल्या असत्या. त्या घेऊन बरी झालेली माणसे आमच्याच गल्लीत होती. पण दोघांचीही नोकरी जाईल म्हणून दादा बोलला नाही आणि मीही गप्प बसलो. रक्त पडल्यावर खरा फोटो निघाला, तोवर फार उशीर झाला होता.

गिरणीवरचा माझा राग खरा आहे. पण वहिनीसमोर गप्प मी बसलो, गिरणी नव्हे.

परवा पुतण्याला सगळे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "आईला माहीत होतं?" मी नाही म्हणालो. तेव्हापासून तो बोलत नाही. न बोलो. यंत्रावरचा राग त्याने माझ्यावर काढावा, आणि जाऊन छाती दाखवून यावी.